दातांची भिशी

माझा धंदा लोकांना आवडत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. रत्नागिरीत डोळ्यांचा डॉक्टर रस्त्यात भेटला तर लोक नमस्कार करतात, हाडांच्या डॉक्टरला चहा पाजतात आणि मला पाहिलं की तोंड मिटतात. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी पान आलेला माणूस जिलबीला हात लावत नाही. वर न विचारता सांगतो, "डॉक्टर, हल्ली गोड फार कमी केलंय बरं का!" मी मान डोलावतो आणि त्याची जिलबी माझ्या पानात घेतो. माझ्या वजनाला माझ्या पेशाचा इतका हातभार लागला आहे.

संपादकांनी फोन करून सांगितलं की व्यवसायातले गमतीदार अनुभव लिहा. दातांच्या व्यवसायात गंमत असते ती खुर्चीच्या एकाच बाजूला. तेव्हा जिच्या दोन्ही बाजूंना बसून मी तोंडघशी पडलो आहे, अशी गोष्ट लिहायचं ठरवलं: दातांचा विमा.

बाहेरच्यांसाठी आधी धंदा थोडा उलगडून सांगतो. कीड लागते तेव्हा दात दुखत नाही आणि दुखायला लागतो तेव्हा स्वस्तात सुटायची वेळ टळलेली असते. भोक बारीक आहे तोवर ते भरून घ्यायला घरच्यांना घेऊन एकदा हॉटेलात जेवल्याएवढा खर्च येतो. कीड आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनल आणि वर कॅप, म्हणजे एक बऱ्यापैकी मोबाइल. दात काढून नवा पक्का बसवायचा म्हटलं तर जुनी स्कूटर येईल. आपली माणसं हॉटेलच्या टप्प्याला कधीच येत नाहीत. लवंग, मग तुरटी, मग कुणाच्या तरी मामाने सांगितलेली तंबाखूची गोळी असं करत करत ती थेट स्कूटरच्या टप्प्याला माझ्या दारात उभी राहतात आणि म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही फार महाग."

आता विमा. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेमच्या लेखी माणसाचं शरीर टाळूपासून तळपायापर्यंत सगळं असतं, मधले बत्तीस सोडून. अपघातात दात तुटला आणि इस्पितळात दाखल व्हावं लागलं, तर तो दात शरीराचा. तोच दात घरी बसून किडला, तर तो तुमचा खासगी मामला. हल्ली जादा पैसे भरून दातांचं कलम जोडून देणाऱ्या पॉलिस्या निघाल्या आहेत. तसली एक मी घेतली. का घेतली, तर एजंट माझा पेशंट होता. त्याचं तोंड सताड उघडं, माझे दोन्ही हात त्यात, आणि तशाही अवस्थेत तो मला पॉलिसी विकू शकला. असा गुणी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"हलवायाने पेढ्यांचा विमा काढल्यासारखं झालं हे," असं आमच्या सौ. तेव्हाच म्हणाल्या होत्या. मी दुर्लक्ष केलं.

मग एकदा शेजाऱ्यांकडून तांदळाची बोरं आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तांदळाच्या पिठाच्या या तळलेल्या गोड गोळ्या. नीट जमल्या तर खाव्यात, नाही जमल्या तर बंदुकीत भराव्यात. त्यातल्या एकीने माझी मागची दाढ फोडली. मी ऐटीत कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पिनकोड विचारला, थोडं थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्या सर्वांत जवळचे आमच्या यादीतले डॉक्टर आहेत..." आणि तिने माझंच नाव सांगितलं. मी कधी काळी कुठे तरी सही केली होती, ती अशी उगवली.

मोह आवरला नाही. मी विचारलं, "कसे आहेत हो हे डॉक्टर?"

"सर, त्यांना अजून कुणी रेटिंग दिलेलं नाही."

स्वतःच्या दातावर स्वतःच उपचार करून पैसे मागता येत नाहीत, हा नियम तिने नंतर सांगितला. यादीतले पुढचे डॉक्टर कोल्हापूरला. आंबा घाट चढून गेलो. कंपनीने तपासणीचे आणि एक्स-रेचे पैसे दिले. कॅप मात्र 'सौंदर्यासाठी केलेले उपचार' या सदरात टाकून नाकारली. मागची दाढ! ती उभ्या जगात मी आणि तो कोल्हापूरचा डॉक्टर या दोघांनीच पाहिलेली. डिझेल, जेवण आणि सौ.ची साडी धरता तो विमा मला कॅपहून महाग पडला.

परतीच्या वाटेवर, साखरप्याच्या आसपास, मी जाहीर केलं की आता मीच दातांचा विमा काढणार. सौ. म्हणाल्या, "झालं! दाढेची कीड डोक्यात गेली."

कल्पना साधी होती. लोकांनी दरमहा थोडे थोडे पैसे भरायचे. त्यात वर्षातून दोनदा तपासणी, दातांची सफाई, भोक निघालं तर भरणं आणि वेळ आलीच तर रूट कॅनलसुद्धा. लोक दुखायच्या आधी येतील, हॉटेलच्या टप्प्यातच सुटतील, मलाही दर महिन्याला भाड्याची काळजी राहणार नाही. माझा सीए मित्र म्हणाला, "विमा हा शब्द तोंडातून काढू नकोस. त्याला परवाना लागतो. वार्षिक देखभाल वगैरे म्हण." वार्षिक देखभाल म्हटल्यावर लोकांना पाण्याचा पंप आठवेल असं मला वाटलं. तेव्हा माझ्या दवाखान्याचं बाहेरचं टेबल सांभाळणारी सुलभा म्हणाली, "भिशी म्हणा ना. बायकांना एका शब्दात कळेल."

एका शब्दात कळलं, हे खरं. काय कळलं, ते पुढे सांगतो.

नियम मात्र मी माझ्या त्या पॉलिसीतूनच उतरवले. ज्या कागदाने मला घाट चढायला लावला त्याचीच भाषा मला भारदस्त वाटली, आता काय म्हणणार! 'सदर लाभ अहस्तांतरणीय राहील' हे वाक्य टाइप करताना तर मुंबईत काचेच्या इमारतीत आपलं ऑफिस असल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात वर छताचा पंखा कुरकुरत होता.

पहिल्या महिन्यात भिशीत कोण आले? तर ज्यांचं घर पेटलेलं होतं ते. एसटीतून निवृत्त झालेले राजापूरचे तात्या म्हणून एक ड्रायव्हर. त्यांनी तोंड उघडलं आणि मला पावसाळ्यानंतरचा कुंपणाचा गडगा दिसला: दोन चिरे जागेवर, चार ढासळलेले, मधून शेवाळ.

"तात्या, अहो आधी का नाही आलात?"

"आधी भिशी कुठं होती?"

वर्षभरात तात्यांचा गडगा मी नव्याने बांधून दिला. दुसऱ्या वर्षीचे पैसे मागितले तर म्हणाले, "आता कशाला? आता झकास झाले दात."

"आणि परत बिघडले तर?"

"तेव्हा परत भरू की. मी काय कुठं पळून जातोय?"

विमा कंपन्या पहिले काही महिने क्लेम का देत नाहीत, हे मला त्या क्षणी तात्यांनी शिकवलं. हेल्पलाइनवरच्या त्या मुलीबद्दल मला एकदम माया वाटली.

"डॉक्टर," सुलभा एकदा म्हणाली, "आपल्या भिशीत सगळे उचलणारेच आलेत. नुसतं भरणारं माणूस एकच."

ते माणूस म्हणजे द्वारकामावशी. सुलभाच्याच वाडीतल्या, कोळंब्याच्या. साठीच्या पुढच्या, काजूच्या थोड्या झाडांच्या मालकीण, नवरा पूर्वीच गेलेला. तोंडात एकूण एक दात शाबूत. अख्खी सुपारी दाढेखाली घालून फोडत. मी त्यांना तपासताना नुसता आरसा धरून बघत बसे, आपण देवळात आल्यासारखं वाटे. त्या भिशीत आल्या कारण भिशी ही भिशी असते, आणि सुलभा आपली असते.

वर्ष संपलं तशा त्या आल्या. बरोबर मुलगा होता, विलास, चाळिशीच्या आतला. लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर कामाला. तिकडेच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा. एक गाल धरून तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला.

"काय वो डॉक्टर, वरीस झालं. माजी बारी कदी?"

"कसली बारी, मावशी?"

"भिशीची. सगळ्यांची झाली. त्या राजापूरच्या तात्याची तर दर म्हयन्याला होती म्हनं. माजी एकदापन नाय."

मी समजावलं. ही वेगळी भिशी. ज्याचे दात बिघडतील त्याच्या कामी सगळ्यांचे पैसे यायचे. "तुमचे दात चांगले राहिले, हाच तुमचा फायदा."

"ते आदीपास्नं चांगलेच होते. तुमी काय केलात?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्या विमा कंपनीकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी मोठ्या आवाजात बोलायला लागलो. मावशींनी ते सगळं संपू दिलं आणि विलासकडे बोट केलं.

"बरं तर. माजी बारी ह्येला द्या. दाढ ठनकते त्याची."

"तसं करता येत नाही, मावशी."

"का म्हनून? आमच्या वाडीत असंच असतं. कुनाच्या घरात अडलं, की जिची बारी तीच सांगते, माजी हिला द्या. गेल्या साली मी माजी शेजारनीला दिली. तिच्या पोरीचं बाळंतपन व्हतं."

"पण आपल्या नियमात ती अहस्तांतरणीय आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्याला देता येत नाही."

"पैसे माजे, बारी माजी, पोरगा माजा. आनी देता येत नाय. कुनी केलान हा नियम?"

मी सुलभाकडे पाहिलं. सुलभा कॅलेंडरकडे पाहत होती.

सुटका विलासनेच केली. "आये, गप रव. कशाला त्यांच्या मागं लागतेस? माझं कंपनीचं कार्ड हाय." त्याने खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. मी फोनवर त्या पॉलिसीची माहिती उघडून वाचली. एव्हाना काय वगळलंय ते कुठल्या पानावर असतं, हे मला तोंडपाठ होतं.

"विलास, यात दात नाहीत."

"असं कसं? सगळं हाय यात. बायपाससुदा."

"बायपास आहे. दात नाहीत."

"डॉक्टर, तुमाला तुमची भिशी खपवायची हाय," तो हसत म्हणाला आणि हसता हसता गाल धरून थांबला.

तपासायला पैसे घेत नाही म्हटल्यावर त्याने तोंड उघडलं. खालची डावी दाढ आतून पोखरून नुसती भिंत उरलेली. हत्याराच्या मुठीने हलकेच ठोकलं तर तो खुर्चीतून उठलाच. मी त्याला सांगितलं, जसं तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो तसं: दाढेची मुळं जबड्यात असतात, जबड्याखाली मान असते आणि मानेत श्वासाची नळी. मुळाशी साचलेला पू वर वाट मिळाली नाही तर खाली शोधतो. या आठवड्यात रूट कॅनल कर, नाही तर दाढ काढून टाक.

"आनी समजा ॲडमिट व्हायला लागलं, तर कार्ड चालेल?"

"तेव्हा चालेल."

"मग झालं तर," विलास म्हणाला.

मी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी ठणका गेला आणि ठणक्याबरोबर माझ्याकडे यायचं कारणही गेलं. पुढे तो लोट्याच्या दुकानात त्याच गोळ्यांचं जुनं पाकीट दाखवून पुनःपुन्हा तशाच घेत राहिला, हे मला नंतर कळलं. दर वेळी ठणका बसायचा. पू बसत नव्हता.

शिमग्याला तो रजेवर आला. आमच्याकडे गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आला नाही तर त्याच्या घरच्यांनाच चौकशीला तोंड द्यावं लागतं. सकाळी दवाखाना उघडून मी बसतोय तोच दारात रिक्षा थांबली. सुलभाने विलासला पाहिलं आणि नंबर लावलेल्या माणसांना काही न बोलता हाताने बाजूला केलं.

हनुवटीखाली या कानापासून त्या कानापर्यंत लाकडासारखी घट्ट सूज. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. थुंकी गिळता येत नसल्याने तो ती टॉवेलात टिपत होता. काय झालं विचारलं तर गरम घास तोंडात धरून बोलावं तसा आवाज आला. मी दातांच्या फटीतून बॅटरी मारली. जीभ खालून उचलली जाऊन टाळूला टेकायला आली होती.

त्या दिवशी मी माझं एकही हत्यार उचललं नाही. फोन उचलला. आमच्या ओळखीच्या सर्जनना सांगितलं की श्वास अडकायच्या आत पोचतो आहोत, आणि विलासला माझ्याच गाडीत पुढे बसवलं. त्याला आडवं होता येत नव्हतं. मावशी मागे.

अर्ध्या वाटेवर रस्ता ग्रामदेवतेच्या पालखीने भरलेला. ढोल, गुलाल, खांद्यावर पालखी नाचतेय, माणसांत माणूस मावत नाही. मी हॉर्नवर हात ठेवला, तो ढोलात कुणाला ऐकू जातो! शेजारी विलासच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. मावशींनी दार उघडलं आणि उतरून सरळ गर्दीत शिरल्या. पालखीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, ते देवाला जोडले होते की भोयांना ते मला सांगता येणार नाही.

"वाट द्या रे माज्या पोराला! दम कोंडलाय त्याचा!"

ढोल थांबला. खांदेकऱ्यांनी पालखी तशीच उचलून कडेच्या दुकानाच्या पायरीला लावली. मावशी परत आत बसल्या. गाडी पुढे निघाली तेव्हा काचेवर गुलालाचे हात उमटले होते. लोक गाडी ढकलत होते. गाडी चालू होती, पण मी काही बोललो नाही.

सर्जननी आधी श्वासासाठी नळी घातली, मग हनुवटीखाली चीर देऊन पू वाहता केला. त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं. आम्ही बाहेर बाकावर. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, "दातानं मानूस मरतो काय वो?"

"क्वचित, मावशी. पण मरतो."

"मग कार्डात दात का नाय?"

मला खरं तर त्यांचा हात धरून गप्प बसायचं होतं. पण माझा स्वभाव! मी समजावायला लागलो. विमा असतो अशा गोष्टीचा जी होईल किंवा होणार नाही. दात तर प्रत्येकाचे कधी ना कधी किडणारच. म्हणून कंपन्यांना ते परवडत नाही. शिवाय तात्यांसारखी माणसं असतात. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, जिचा मुलगा आत नळीने श्वास घेतोय अशा आईला मी विमाशास्त्र शिकवत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाकावर सरकून जागा केली.

"तुमी बसा जरा. दमलात."

विलास वाचला. कार्डसुद्धा कामाला आलं. इस्पितळाचं एवढं मोठं बिल कंपनीने पुरतं भरलं. तेवढ्यात त्यांच्या अख्ख्या वाडीच्या दाढा मी सोन्याने मढवल्या असत्या. शिमगा उतरून आंब्याची धांदल सुरू झाली तेव्हा तो आईबरोबर माझ्याकडे आला, हनुवटीखाली ताजी लालसर खूण घेऊन. आणि खुशीत होता!

"डॉक्टर, एक रुपाया भरायला लागला नाय. सगळ्या पाळीला सांगितलं मी. कार्ड म्हंजे काय चीज हाय!"

मला हसावं की रडावं कळेना. ज्या पॉलिसीने हॉटेलचं जेवण नाकारलं तिने पुढे अख्खं लग्न लावून दिलं, आणि नवरदेव तिचे आभार मानत होता.

पण एक गोष्ट शिल्लक होती. इस्पितळात त्याचं तोंड उघडत नव्हतं म्हणून सर्जननी दाढ तशीच ठेवून ती काढायचं काम माझ्याकडे पाठवलं होतं. हे काम बाहेरच्या बाहेर व्हायचं, म्हणजे कार्डात बसत नव्हतं. सोमवारपासून विलासची पाळी सुरू होणार होती.

"राहू दे आता. दुखत तर नाय," तो म्हणाला. "आनी परत कायबाय झालं तर कार्ड हाय."

मी चिडून सांगितलं की पुढच्या वेळी तू लोट्यात असशील, आई नसेल, वाट द्यायला पालखी नसेल. "पैशाचं सोड," मी म्हटलं, "फुकट काढतो."

"फुकट नको."

मग माझं लक्ष गेलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. खुर्चीशेजारच्या ट्रेकडे बघत होता, आणि मांडीवर ठेवलेली बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. इतकी वर्षं या खोलीत काढून मला तेव्हा उमगलं की या माणसाने पैसे वाचवलेच नव्हते. तो खुर्ची टाळत होता. कार्ड हे त्याचं चारचौघांत सांगण्याजोगं कारण होतं. ज्याला घाबरतो असं म्हणता येत नाही तो महाग आहे म्हणतो, बघू म्हणतो, कार्ड आहे म्हणतो. अशा माणसाला फुकट दिलं तर त्याचं कारणही जातं आणि मानही.

मी मावशींकडे वळलो. "मावशी, तुमची भिशीची बारी लागली."

त्या नियमाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. पदर खोचला आणि विलासपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माजी बारी मी तुला दिली. बस."

"आये..."

"भरलेली बारी हाय. दिलेली बारी परत घालवत नाय कुनी. बस म्हनते ना."

विलास उठून खुर्चीत बसला. कंपनीला, मला आणि मरणाला जे जमलं नव्हतं ते वाडीच्या रिवाजाला जमलं. दिलेली बारी नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान करणं, हे तो लहानपणापासून बघत आला होता.

दाढेचं एक मूळ गळासारखं वाकलेलं निघालं. माझी मान त्या दिवसापासून जी धरली ती अजून पुरती सुटलेली नाही. मधे एकदा विलास ओरडला, तर मावशींनी बाहेरून दम दिला, "गप! लोकं बसलीयत हितं!" दाढ निघाली तेव्हा त्यांनी ती मागून घेतली, तळहातावर ठेवली, उलटीपालटी केली.

"येवढीशी," म्हणाल्या.

त्या दुपारी मी नियमातून ते भारदस्त वाक्य खोडलं. आपली बारी कुणालाही देता येईल असं लिहिलं. मग गंमत झाली. विलासने नाव नोंदवलं, आणि ज्यांचे दात धड होते तेही भिशीत यायला लागले. 'ही माझी बारी, सुनेला ठेवा.' 'माझी भावाला, तो येत नाही, तुम्ही बोलवा.' नुसते पैसे भरून वर्षाखेरीला आपण काय मिळवलं हे विचारणारं पुन्हा कुणी आलं नाही. या भिशीत मला फायदा होत नाही, पंख्याची कुरकुर अजून चालू आहे. तात्या परत आले आहेत, गडग्याला नवीन भगदाड घेऊन. त्यांची बारी त्यांना कुणी दिली ते मी सांगणार नाही, पण ते माणूस सुपारी दाढेने फोडतं.

लोक मला अजून विचारतात, "डॉक्टर, दातांचा विमा काढावा का?" मी सांगतो, घ्यायच्या आधी त्यात काय नाही ते वाचा. त्यांच्या यादीतला डॉक्टर किती लांब आहे ते बघा, तो तुम्हीच नाही ना याची खात्री करा. पैसे सुटतील म्हणून घेत असाल तर बहुधा सुटणार नाहीत. पण त्या विम्याच्या निमित्ताने दुखत नसताना वर्षातून दोनदा तोंड उघडणार असाल तर जरूर घ्या. विमा न घेता तेवढं करणार असाल तर त्याहून चांगलं. मी स्वतः ते करत नाही. माझी उजवी वरची दाढ गेला महिनाभर गारठ्याने शिवशिवते आहे, हे घरी कळलेलं नाही.

परवा मी दुपारचं आवरून निघत होतो, तेवढ्यात विलास आला. लोट्याहून पाळी सुटल्यावर पहिली मिळेल ती एसटी धरून. बरोबर त्याच्या पाळीतला एक जोडीदार, सांगलीकडचा. उंच, दणकट, आणि गालाला रुमाल. तो दारातच उभा राहिला, चपलासुद्धा न काढता.

"डॉक्टर, ह्याला बघा," विलास म्हणाला. "माझी बारी ह्याला."

"काय नाही वो साहेब," जोडीदार तिथूनच म्हणाला, "गोळी घेतली की बसतंय. हा उगंच ओढून घेऊन आलाय. आन् तसंच काय झालं तर कंपनीचं कार्ड हाय की."

विलास त्याच्याजवळ गेला. शर्टाचं वरचं बटण काढून त्याने हनुवटी वर केली, जोडीदाराचं बोट धरलं आणि त्या खुणेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"कार्डात हे बसतं," तो म्हणाला.

जोडीदाराने बोट मागे घेतलं. मग खाली वाकून त्याने चपला काढल्या.